कार्डवाल्याला मूठ नाही

दुकानात क्रेडिट कार्ड घ्यायचं की नाही, यावर माझं आणि सासूबाईंचं अख्खा एप्रिल चाललं होतं. भांडण म्हणता येणार नाही, कारण भांडणात दोघी बोलतात. इथे मी बोलायचे आणि त्या बोंबील निवडायच्या. नवरा नोकरीवरून आला की आधी दारातच अंदाज घ्यायचा. वातावरण तापलेलं असेल तर चप्पल न काढता परत खाली जायचा.

आमचं दुकान सुक्या मासळीचं. घोडबंदर रोडवरून आत वळलं की एका टॉवरच्या तळाला गाळ्यांची रांग आहे, त्यातला एक आमचा, भाड्याचा. एका बाजूला सलून, दुसऱ्या बाजूला केकचं दुकान. आम्ही गाळा उघडला त्या आठवड्यात केकवाल्याने सोसायटीकडे वासाची तक्रार केली. पुढच्या आठवड्यात तो अर्धा किलो सोडे घेऊन गेला. त्यानंतर वासाबद्दल कोणी काही बोललेलं नाही.

हा गाळा हा माझा हट्ट. सासूबाई कोळणी. लग्न होऊन आल्यापासून कळव्याच्या बाजारात पाटी मांडून बसल्या. खाडीत मासळी राहिली नाही तेव्हा सुक्या मालावर आल्या. माल उत्तनहून, अर्नाळ्याहून आणायचा आणि बसायचं. मी आंबिवलीच्या चाळीत वाढलेली, बौद्ध घरातली. शिकून एका ऑफिसात अकाउंट्स बघत होते. माझ्या लक्षात आलं की कळव्यातली त्यांची निम्मी गिऱ्हाइकं मुलांबरोबर इकडे टॉवरमध्ये राहायला आली आहेत. मग आपण तिकडे कशाला बसायचं? मला ठरवायला वेळ लागत नाही. नोकरी सोडली, गाळा घेतला. सासूबाई आल्या, पण कळव्याची जागा त्यांनी सोडली नाही. तिथे बहिणीला बसवलं आणि सांगितलं, "धरून ठेव. काय सांगता येतंय."

म्हणजे मी चुकले तर परतायची सोय त्यांनी पहिल्या दिवसापासून करून ठेवली होती. याचा मला राग होता.

मोबाइलवरून पैसे घ्यायला त्यांची कधीच ना नव्हती. काउंटरवरचा तो बोलणारा डबा तर त्यांचा लाडका. तो रक्कम बोलला की त्या मान डोलावतात, नीट वागणाऱ्या पोराकडे बघावं तशा. "ह्याचं बरं हाय," त्या म्हणायच्या, "जेवडं देतात तेवडं येतंय. मधे कोन खात नाय."

आमच्या वादाचं मूळ इथेच होतं. कार्डात मधे खाणारा आहे.

आता वरच्या मुठीबद्दल सांगायला हवं, कारण त्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही. आमच्याकडे माल काट्यावर तोलला, पिशवीत गेला, पैसे झाले, तरी व्यवहार संपत नाही. गिऱ्हाईक पिशवी उघडी धरून उभं राहतं. सासूबाई जवळ्याच्या, म्हणजे बारीक सुक्या कोळंबीच्या, पाटीत हात घालतात आणि एक मूठ वरून टाकतात. तुम्ही बोंबील घ्या, सोडे घ्या, खारा बांगडा घ्या, मूठ जवळ्याचीच. ती पडली की पिशवी मिटायची. तिचे पैसे नाहीत आणि तिच्याबद्दल कोणी आभारही मानत नाही.

या मुठीचे त्यांचे कायदे आहेत. मूठ मोजायची नाही. मूठ मालकिणीच्या हातची. मी गाळ्याचं भाडं भरते, काटा माझ्याकडे, हिशेब माझ्याकडे, पण मुठीला हात लावायची मला परवानगी नव्हती. "तुजा हात मोजका हाय," असं त्यांनी एकदाच सांगितलं. ते स्वभावावरून होतं, पण हाताच्या मापानेही खरं होतं. त्यांचा पंजा माझ्या दीडपट आहे. मी हिरमुसले, पण वाद घातला नाही.

तिसरा कायदा उधारीचा. मे महिन्यात आमच्याकडे आगोटीची खरेदी असते. आगोट म्हणजे पावसाळ्याची बेगमी. ओली मासळी बंद व्हायच्या आत घरं चार महिन्यांची सुकी भरून ठेवतात. बिल मोठं होतं. कळव्यात ओळखीच्या घरांना सासूबाई आगोट उधार द्यायच्या, पैसे नारळी पुनवेपर्यंत जमेल तसे. आणि उधारीवाल्याला मूठ आधी घालायची. का, तर रोख देणारा हक्काने पिशवी उघडी धरतो. उधारीवाला माल पडल्या पडल्या पिशवी मिटतो. त्याला वरचं मागायची लाज वाटते. म्हणून त्याची पिशवी मिटायच्या आत मूठ पडली पाहिजे.

हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा मला माझी आई दिसली. आमच्या चाळीत पाटी घेऊन कोळीण यायची. हातात पैसे असले की आई पिशवी ताणून धरायची आणि हुज्जत घालायची, "अगं मावशे, अजून टाक, पोरं आहेत घरात." आणि पगार लांबला असला की माल पिशवीत पडायच्या आत तिची घडी घालून काखेत मारायची. मी लहान होते. "आई, वरचं राहिलं," असं मी ओरडायचे, आणि आई माझ्याकडे असं बघायची की मी गप्प व्हायचे. ती का रागावते हे मला कळायचं नाही.

तर कार्डाकडे येते. गेल्या वर्षी आगोटीच्या सुरुवातीलाच वरच्या मजल्यावरच्या दोन बायका आल्या. अर्धा तास बोंबील हाताळले, सोडे वास घेऊन निवडले, वाकट्या घेतल्या, बिल तीन हजाराच्या पुढे गेलं. मग एकीने पर्समधून कार्ड काढलं. मी म्हटलं, कार्ड नाही, स्कॅन करा. ती म्हणाली, "एवढे अकाउंटला नाहीयेत आत्ता. कार्डच वापरते मी." आणि दोघी निघून गेल्या. तोललेला माल परत पाट्यांत ओतताना माझ्या अंगाचा तिळपापड झाला. असं दिवसातून दोन-तीनदा व्हायला लागलं.

माझं गणित सरळ होतं. कार्डावर माणूस जास्त घेतो. आपले पैसे दुसऱ्या दिवशी बँकेत. वसुलीला कोणाच्या दारात जायला नको. बदल्यात बँक शेकड्यामागे दोनच्या आसपास कापणार आणि मशीनचं भाडं घेणार. ते गिऱ्हाइकाकडून वेगळे घ्यायचे नाहीत, हेही मी ठरवलं होतं. "कार्ड असेल तर दोन टक्के वर" असं सांगणाऱ्या दुकानात मी स्वतः परत जात नाही.

बँकेतून एक बाई आल्या, मशीन दाखवायला. नाकाला रुमाल लावावा की नाही या पेचात होत्या, पण शेवटपर्यंत लावला नाही, म्हणून मला आवडल्या. त्यांनी सगळं समजावलं. सासूबाईंनी बोंबील निवडता निवडता एकच चौकशी केली.

"तुमी आमचं कापता, ते गिऱ्हाइकाला काय देता?"

"पॉइंट मिळतात ना, मावशी."

"त्येंचं काय करायचं?"

"साठले की वस्तू येते घरी."

"कवा?"

"वर्ष-दोन वर्षं लागतात," बाई म्हणाल्या. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा बोंबील हातात घेतला.

बाई गेल्यावर मला एक युक्ती सुचली. सासूबाई जेवायला बसलेल्या असताना मी त्यांच्या एका मुठीएवढा जवळा, माझ्या दोन मुठी, काट्यावर टाकला आणि त्याची किंमत काढली. दोन हजारांच्या मालावर बँक जेवढं कापणार, तेवढीच आली. मी विजयी मुद्रेने त्यांच्यापुढे उभी राहिले. "आई, बघा. बँक घेणार ते तुमच्या एका मुठीएवढं. एवढंच. त्यासाठी महिनाभर तोंड फिरवून बसलात."

त्यांनी हातातला घास खाल्ला, पाणी प्यायल्या. मग म्हणाल्या, "मूठ एकच हाय ना? मशीनला दिल्यावं गिऱ्हाइकाला काय?"

माझ्याच काट्याने मला तोंडघशी पाडलं होतं. मी काही बोलायच्या आत त्यांनी निकाल दिला. "ठेव मशीन. पन कार्डवाल्याला मूठ नाय. त्येची मूठ त्यो बँकंला देतंय."

मला तर तेवढंच हवं होतं. मशीन आलं.

मे महिना जोरात गेला. टॉवरवाल्या बायका परत आल्या, सोबत आणखी दोघी आल्या. सोडे मी दोनदा मागवले. मशीनला आठ दिवसांत बोंबलाचा असा वास लागला की बँकेच्या बाई पावतीचा रोल द्यायला आल्या तेव्हा त्यांनी ते दोन बोटांत धरलं. मी खूश होते. खोटं कशाला सांगू, मी फार खूश होते. माझं बरोबर आलं होतं आणि मला बरोबर असायला आवडतं.

सासूबाई मशीनला शिवत नव्हत्या. रोखवाल्याला, स्कॅनवाल्याला मूठ घालायच्या. कार्ड दिसलं की हात पाटीकडे जाता जाता मागे यायचा. नव्या गिऱ्हाइकांना मूठ असते हेच माहीत नव्हतं. त्या बायका पावती घेऊन सरळ निघून जायच्या. पिशवी उघडी धरणारी माणसं दिवसेंदिवस कमी व्हायला लागली. सासूबाई स्टुलावर हात मांडीवर ठेवून बसलेल्या दिसायच्या. मी ते बघत होते आणि कामात आहे असं दाखवत होते.

एका दुपारी, गिऱ्हाईक नसताना, त्या म्हणाल्या, "आगोट झाली का मी कळव्याला जातंव. माज्या जाग्यावं."

"का?"

"हितं माजं काय काम हाय? तू तोलतंस, मशीन पैसं घेतंय. मी काय करू? माश्या मारू?"

"आई, तिथे उन्हात बसायचं आहे. गुडघे बघा तुमचे."

"गुडगं हितं बसून बरं झालं नायत."

मी चिडले. भाडं कसं भरणार, माल कोण पारखणार, असलं सगळं बोलले. खरं होतं ते वेगळंच. मला त्यांच्याशिवाय ते दुकान नको होतं. सकाळी दोघींनी मिळून शटर वर करायचं, त्यांनी पहिल्यांदा पाट्यांवरून हात फिरवायचा, एखादा बोंबील मोडून नाकाशी धरायचा आणि "बरा हाय" म्हणायचं, तेव्हा माझा दिवस सुरू व्हायचा. हे त्यांना सांगायला माझी जीभ वळली नाही. मी भाड्याचंच बोलत राहिले.

आगोटीचे शेवटचे दिवस होते. एक निवृत्त शिक्षिका आल्या. कळव्यात या बाई सासूबाईंच्या पाटीवर कितीतरी वर्षं यायच्या. आता मुलाकडे, आमच्या गाळ्यामागच्याच इमारतीत राहतात. भाषा स्वच्छ, पातळाच्या निऱ्या कडक, आणि मुठीच्या बाबतीत अट्टल. एका मुठीवर त्यांचं कधीच भागायचं नाही. "एवढ्याशा जवळ्यात काय होतं गं, पुन्हा घाल," असं दटावून दुसरी घ्यायच्याच. सासूबाई त्यांची वाट बघायच्या. त्या दिसल्या की स्टुलावर नीट सावरून बसायच्या.

त्या दिवशी बाईंनी नेहमीचीच आगोट घेतली. बोंबील, सोडे, वाकट्या, डोंबिवलीच्या लेकीसाठी वेगळी पिशवी. भाव केला नाही. मग पर्समधून कार्ड काढून माझ्यापुढे धरलं. मी मशीन पुढे केलं. पावती निघाली. सासूबाईंनी कार्ड बघितलं आणि हात मांडीवर परत ठेवला. त्यांनाच अवघडल्यासारखं झालं. कायदा त्यांचा होता, आणि समोर या बाई होत्या. बाई आता दटावतील, आणि मग काय करायचं, हे त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. त्या खाली बघत राहिल्या.

बाईंनी दटावलं नाही. त्यांनी पिशवीचं तोंड गोळा केलं, दोनदा घडी घातली आणि पिशवी काखेत धरली.

ती घडी मी ओळखत होते. आंबिवलीच्या चाळीत, दारात उभं राहून, मी ती किती वेळा बघितली होती.

"आई," मी हळूच म्हटलं, "बाईंनी पिशवी मिटली."

सासूबाईंनी वर बघितलं. मग गुडघ्यावर हात टेकून उठल्या, काउंटरला वळसा घालून बाहेर आल्या, बाईंच्या काखेतली पिशवी न विचारता ओढून घेतली, तिची घडी मोडली आणि भरगच्च मूठ आत टाकली. मग दुसऱ्या पिशवीतही टाकली. सगळं झाल्यावर हलक्या आवाजात विचारलं, "बाय, घरी बरं हाय ना?"

बाईंनी कार्ड पर्समध्ये ठेवलं. मग शिकवताना बोलाव्या तशा सरळ बोलल्या. "मुलाची नोकरी गेली. घराचा हप्ता माझ्या पेन्शनमधून जातो. कार्डाचे पैसे पुढच्या महिन्याच्या अखेरीला भरायचे असतात, तेवढी सवड मिळते. आगोट चुकवायची नव्हती मला."

"म्हंजे ही आगोटीची उधारीच की."

"उधारीच. फक्त तुझ्याऐवजी बँकेची."

"मंग माज्याकडं का नाय मागितलीस?"

"तू आता दुकानात बसतेस," बाई म्हणाल्या. "पाटीवर असतीस तर मागितली असती."

हे वाक्य माझ्यासाठी नव्हतं, पण ते मला लागलं. गाळा माझा हट्ट होता.

बाई गेल्यावर सासूबाई बराच वेळ जवळ्याची पाटी नुसतीच सारखी करत होत्या. मग विचारलं, "कार्डवाली सगली अशीच असतील?"

"सगळी नाहीत. काही पॉइंटवाली पण आहेत. कोण कुठलं, ते आपल्याला कळायचं नाही."

"मंग सगल्यांना घालायची."

"घाला."

"दोनी परवडंल? बँक आनि मूठ?"

"ते माझ्यावर सोडा," मी म्हटलं, आणि खरंच सोडण्यासारखं होतं. संध्याकाळी मी सोड्यांचा भाव थोडा वाढवून पाटी लिहिली. सोडे घेणारं माणूस भावाला हरकत घेत नाही. आजवर एकानेही घेतलेली नाही. आणि काउंटरवर काही न लिहिता मी आणखी एक ठरवलं, की कळव्याची जुनी ओळख निघाली तर आगोट उधार मिळेल, आणि हे त्या माणसाला विचारायची वेळ येऊ द्यायची नाही.

कळव्याला जायचं काय, हे मी सासूबाईंना विचारलं नाही. नको ते उत्तर मिळण्यापेक्षा गप्प बसलेलं बरं.

आगोट संपली. पुढच्या सोमवारी त्या नेहमीच्या वेळी निघाल्या, माझ्याबरोबर शटर वर केलं, बोंबील मोडून वास घेतला. स्टुलावर बसल्या, आणि हात पुढे केला. "ते मशीन हिकडं दे. कुटं दाबायचं त्ये दाखव."

मी दाखवलं. आकडे त्यांना येतात, बाजारात बसलेल्या बाईला आकडे शिकवावे लागत नाहीत. हिरवं बटण लक्षात ठेवलं की झालं. जवळ्याने माखलेल्या अंगठ्याने त्यांनी ते तीन-चारदा दाबून बघितलं. तेवढ्यात बहिणीचा फोन आला, जागेची विचारपूस करायला. सासूबाईंनी मशीन मांडीवर घेऊनच सांगितलं, "मी नाय येत. ती जागा तूच घे आता. मना हितं काम हाय."

मी पाठ फिरवून वाकट्या लावत होते. बराच वेळ त्याच वाकट्या लावत होते.

दुपारी एक तरुण बाई आली, नवीनच, हातात ऑफिसचं ओळखपत्र लोंबत होतं. थोडे बोंबील, थोडे सोडे. कार्ड पुढे केलं. सासूबाईंनी आकडा घातला, मला विचारून खात्री केली, कार्ड टेकवून घेतलं, हिरवं बटण दाबलं. पावती निघाल्यावर ती फाडून तिच्या हातात दिली. मुलगी वळली.

"थांब, बाय. पिशवी उघड."

ती गोंधळली, पण तिने पिशवी उघडी धरली. मी सासूबाईंच्या हाताकडे बघत होते. हात मशीनवरून हलला नाही.

"घाल," त्या मला म्हणाल्या.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. त्यांनी जवळ्याच्या पाटीकडे हनुवटी उडवली. मी पाटीत हात घातला. जवळा बोटांत रुतला. जेवढा धरता आला तेवढा धरून मी पिशवीत टाकला.

सासूबाईंनी मान पुढे करून पिशवीत डोकावून बघितलं.

"हात ल्हान हाय तुजा," त्या म्हणाल्या. "दोनदा घाल."